गाडीचा सहावा हिस्सा

लझहरला फक्त दोन दिवस हवे होते. शनिवारी सकाळी ट्युनिशियातल्या केफहून निघायचं, सीमा ओलांडून अल्जीरियात शिरायचं, वाटेत मदौराचे रोमन अवशेष बघायचे, खेन्शलाला हॉटेलात झोपायचं, रविवारी सकाळी तिमगाद बघायचं आणि संध्याकाळपर्यंत घरी. सोमवारी गाडी विकायची होती. मुलीने गिऱ्हाईकही ठरवलं होतं, एक औषधवाला, आणि तो भलताच वक्तशीर माणूस होता.

खरं तर हा बेत लझहरचा नव्हताच. त्याची बायको नझीहा मुलींच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवायची. ट्युनिशियातला एकही रोमन दगड तिने बघायचा बाकी ठेवला नव्हता. दरवर्षी दोन बस भरून मुली घेऊन ती दुग्गाला जायची आणि घसा बसवून परत यायची. तिमगाद तेवढं राहिलं होतं, कारण ते सीमेपलीकडे. दर वसंतात ती जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायची आणि लझहर म्हणायचा, "आपल्याकडे काय दगड कमी आहेत?" यात तथ्यही होतं. केफमध्ये नळासाठी खड्डा खणला तरी खांब निघतो. तथ्य होतं म्हणूनच तर हे वाक्य त्याला इतकी वर्षं पुरलं. मग एका वसंतात तिने नकाशा काढलाच नाही. लझहरला बरं वाटलं. त्या दिवशी त्याने एक संत्रं जास्त खाल्लं. तिला टेबलाशी बसवत नव्हतं म्हणून नकाशा निघाला नाही, हे त्याला तीन आठवड्यांनी डॉक्टरकडून कळलं.

आता तिला जाऊन चौदा महिने झाले होते. तिच्या वहीत या सहलीचा बेत वेळेसकट लिहिलेला सापडला होता आणि लझहरने ठरवलं होतं की गाडी जाण्याआधी तिमगादच्या कमानीखाली जाऊन उभं राहायचं आणि नझीहाला एक वाक्य सांगायचं. वाक्य तयार होतं. ते केफमध्येही सांगता आलं असतं, पण केफमध्ये भिंती पातळ आहेत आणि पलीकडे शादली राहतो. असलं वाक्य माणसाने एकट्याने सांगायचं असतं. एकट्याने, हे महत्त्वाचं. पुढचं सगळं त्या एका शब्दावरून झालं.

शादलीला बेत सांगण्याची चूक लझहरने पहिल्याच दिवशी केली.

"अल्जीरियाला? कशाला?" शादलीने विचारलं.

"रोमन अवशेष बघायला."

शादलीने आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला आणि डोळा मारला. "कळलं. टाकी रिकामी करून जा आणि येताना गळ्यापर्यंत भरून आण. तिकडे पेट्रोल पाण्याच्या भावात आहे. आणि मला दोन टायर आण."

"अरे, मी अवशेष बघायला चाललोय."

"हो रे बाबा, बघ ना. बघून झाले की टायर आण."

केफमधून माणूस सीमेपलीकडे जातो तो पेट्रोलसाठी, टायरसाठी, नाहीतर घोंगड्यांसाठी. दगडांसाठी जाणारा आजवर कुणी बघितला नव्हता. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सहा घरांनी यादी दिली. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तर दाढी करता करता सल्ला दिला, "पण अवशेष हे कारण चांगलं शोधलंत हां, साहेब. कस्टमवाले चक्रावतील." गालावर वस्तरा असल्यामुळे लझहरला संतापताही आलं नाही.

पण हे सगळं परवडलं. खरी अडचण गाडीची निघाली. ती छोटी पांढरी गाडी नझीहाने निवृत्तीच्या वेळी स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या नावावर घेतली होती. दुसऱ्याच्या नावावरची गाडी सीमेपलीकडे न्यायची तर मालकाचं संमतिपत्र लागतं, आणि त्यावरची सही नगरपालिकेच्या खिडकीवर प्रमाणित करून घ्यावी लागते. हे लझहरइतकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्या खिडकीमागे तो स्वतः एकतीस वर्षं बसला होता. "मालक समक्ष हवा" हे त्याचं वाक्य गावात प्रसिद्ध होतं. शिक्का पुसट आहे म्हणून त्याने माणसं परत पाठवली होती. एकदा तर लग्न होऊन चारच दिवस झालेल्या एका बाईचा अंगठा त्याने नाकारला होता. बोटाला मेंदी आहे, ठसा स्पष्ट उमटत नाही, मेंदी उतरल्यावर या. आणि हा नियम म्हणून त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. तो कागद अजून तिथे होता.

खिडकीमागे आता हनान बसायची. तिला शिकवलं लझहरनेच.

"मालक समक्ष हवा," हनान म्हणाली, आणि लगेच तिला आपण काय बोललो ते कळून ती लाल झाली. "माफ करा, साहेब. म्हणजे... मालक नसेल तर वारस. सगळे. वारसपत्र घेऊन."

"मी नवरा आहे तिचा."

"तुमचा पाव हिस्सा आहे, साहेब. पाव गाडी सीमेपलीकडे कशी सोडणार? तुम्हीच शिकवलंय."

वारसपत्र आलं. त्यात चार नावं होती. लझहर पाव. कॅनडातला मुलगा अनीस आणि सूस शहरातली मुलगी ओल्फा यांचा मिळून अर्ध्याहून थोडा जास्त. आणि ज्याचा लझहरला सपशेल विसर पडला होता तो सहावा हिस्सा: मयताची आई, मबरूका, वय सत्त्याऐंशी.

अनीसचं संमतिपत्र वकिलातीतून यायला सहा आठवडे लागले. ओल्फाने सही दिली, पण फोनवर पाऊण तास बोलून. "बाबा, अडुसष्टाव्या वर्षी परमुलखात एकटे गाडी चालवणार? आई असती तर हसली असती." हे लझहरलाही पटलं, कारण ती हसलीच असती. दरम्यान त्याच्या लक्षात आलं की आपला पासपोर्ट चार वर्षांपूर्वीच संपलाय. त्या रांगेत त्याचे आणखी तीन आठवडे गेले.

मग तो सासूकडे गेला.

मबरूकाला सगळं घर उम्मी, म्हणजे आई, म्हणायचं, आणि लझहरही. चाळीस वर्षांत त्या दोघांमध्ये सलाम, तब्येत आणि हवा यांपलीकडे फारसं बोलणं झालं नव्हतं. उम्मीला जावई जैतुनाच्या बागा असलेला हवा होता. मिळाला शिक्के असलेला. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण दरवर्षी तेलाचा डबा देताना ती म्हणायची, "घे, तुमच्याकडे पिकत नाही ना," आणि लझहरला ते बरोबर लागायचं.

"उम्मी, या कागदावर अंगठा हवाय. गाडी दोन दिवस अल्जीरियाला न्यायचीय."

"कुणाची गाडी?"

"नझीहाची."

"म्हणजे आता कुणाची?"

लझहरने हिस्से सांगितले. उम्मीने बोटांवर मोजले.

"म्हणजे सहापैकी एक माझा."

"हो."

"मग माझा हिस्सा माझ्याशिवाय कसा जाईल? मी माझ्या हिश्शात बसते."

"उम्मी, चारशे पायऱ्या आहेत तिथे." हे खोटं होतं. तिमगाद सपाट आहे.

"माझं स्टूल आणीन."

"पासपोर्ट लागतो."

उम्मीने उशाखालून पासपोर्ट काढला. ती मक्केला उमऱ्याच्या यात्रेला जाऊन आली होती. त्यात अजून आठ महिने बाकी होते. लझहरच्या पासपोर्टाची तर शाईसुद्धा नीट वाळली नव्हती.

शनिवारी सकाळी साडेसहाला गाडी उम्मीच्या दारात उभी राहिली. उम्मी मागच्या सीटवर उजवीकडे बसली, कारण मालक मागे बसतो. तिच्याबरोबर ते बुटकं लाकडी स्टूल, एक घोंगडी, मातीच्या भट्टीतल्या सहा भाकऱ्या आणि तेलाचे दहा-दहा लिटरचे दोन डबे चढले.

"तेल कशाला, उम्मी?"

"पाहुणे म्हणून चाललोय. रिकाम्या हाताने जायचं?"

"कुणाकडेच चाललेलो नाही आपण. अवशेषांकडे चाललोय."

"तिथे माणसं असतीलच ना?"

आपल्या बाजूच्या चौकीवर अधिकाऱ्याने कागद उलटेपालटे केले. "चार मालक?"

"दोन हजर आहेत," लझहर म्हणाला.

"सहावा हिस्सा!" मागून उम्मीने हात वर केला. शाळेत हजेरी देतात तसा.

पलीकडच्या चौकीवर मात्र गाडी बाजूला घ्यावी लागली. तिथल्या अधिकाऱ्याने डिकी उघडली आणि तो डब्यांकडे बघतच राहिला.

"हाजी, वीस वर्षं नोकरी केली मी इथे. तुमच्याकडचे लोक रिकामे डबे घेऊन येतात आणि भरून नेतात. भरलेले डबे घेऊन येणारा तुम्ही पहिलाच."

"मी हाजी नाही," लझहर म्हणाला. हा खुलासा तो गेली आठ वर्षं, केस पांढरे झाल्यापासून, सगळ्यांना देत आला होता. "हज मी केलेली नाही. आणि ते पेट्रोल नाही, जैतुनाचं तेल आहे."

"वीस लिटर?"

"भेट आहे."

"कुणाला?"

लझहरने उम्मीकडे बघितलं. उम्मी म्हणाली, "जो भेटेल त्याला."

यापुढचे तीन तास लझहर पुढे कुणाला कधी सांगत नसे. सीट काढल्या गेल्या. टाकीत काठी बुडवून बघितली. "खरं सांगा हाजी, कशाला चाललात?" हा प्रश्न चार वेगवेगळ्या माणसांनी विचारला आणि "अवशेष" हे उत्तर ऐकून चौघांनीही एकमेकांकडे त्याच नजरेने बघितलं. शेवटी लझहरचा पारा चढला. "एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलीय मी! हा बघा पुरावा!" म्हणून त्याने नझीहाची वही अधिकाऱ्याच्या हातात दिली. कागदाशिवाय कुणी काही ऐकत नाही हे त्याला स्वानुभवाने माहीत होतं.

अधिकारी मोठ्याने वाचायला लागला. "पहिला दिवस. निघण्याची वेळ सहा. लझहर वेळेवर उठत नाही, म्हणून त्याला साडेपाच सांगणे."

मागच्या दोघांनी माना पुढे केल्या.

"सीमा, सव्वासात. चौकीवर लझहरला बोलू न देणे, तो नियम सांगत बसतो. मदौरा, एक तास. लझहरला सावलीत बसवणे, कुरकुर करेल. बरोबर संत्री ठेवणे."

आता सहाजण जमले होते. एकाने हसून हसून डोळे पुसले. उम्मी सीट नसलेल्या गाडीत आपल्या स्टुलावर बसून खिडकीतून कान देऊन ऐकत होती. लझहर ताठ उभा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला खिडकीच्या पलीकडच्या बाजूला उभं राहणं म्हणजे काय ते कळत होतं.

"जा, हाजी," अधिकारी वही मिटत म्हणाला. "असलं तस्कर लिहीत नाहीत. बाई कुठे आहेत?"

"वारल्या."

अधिकाऱ्याने वही दोन्ही हातांनी परत दिली. मग त्यांनी स्वतः सीट बसवून दिल्या. उम्मीने त्यांना भाकऱ्या मोडून तेलात बुडवून खायला घातल्या, त्यामुळे आणखी अर्धा तास गेला. सव्वासातची सीमा पावणेबाराला ओलांडली.

मदौराला लझहरने ठरवलं की आता वही पाळायची. एक तास. नाट्यगृह बघायचं आणि निघायचं. पण आत शिरल्याबरोबर उम्मीला तेलाचे घाणे दिसले. रोमन लोकांनी तिथे रांगेने दगडी घाणे बसवले होते, आणि हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तिने स्टूल मांडलं.

"हा दगड बघ. मधली खोबण बघितलीस? आमच्याकडे अशीच होती. बापाच्या घाण्याला." मग तिने भोवताली बघून जाहीर केलं, "पण तेल जायची वाट यांनी उलटीकडे काढलीय. सगळं वाया गेलं असणार."

जवळच दोन कुटुंबं सतरंज्या टाकून बसली होती. त्यातल्या बायका ऐकायला आल्या. मग मुलं आली. मग पुरुष आले, कारण बायका परत येत नव्हत्या. उम्मीने त्यांना जैतुनाचं फळ कधी झोडायचं आणि कधी हाताने उतरवायचं हे सांगितलं, रोमन लोकांच्या तीन चुका दाखवल्या आणि दोन्ही घरांना तेल वाटलं. त्या बदल्यात आलेलं कलिंगड संपल्याशिवाय उठणं शक्यच नव्हतं. लझहरला नाट्यगृह लांबून दिसलं. तो सावलीत बसला आणि कुरकुरला. संत्री आणायचं मात्र राहून गेलं होतं.

"उम्मी, तीन वाजले."

"मग? त्यांना दोन हजार वर्षं झाली. थांबतील."

ऐन बैदा नावाच्या गावाच्या अलीकडे मागून भोंग्यांचा गजर आला. लग्नाची वरात होती, वीस-बावीस गाड्या. लझहरने सभ्यपणे बाजूला व्हायचं ठरवलं, पण पाच गाड्या पुढे गेल्यावर त्याची गाडी बरोबर मधोमध सापडली. उजवीकडे गटार, डावीकडे ट्रॅक्टर. तरीही तो पुढच्या चौकात सटकला असता. पण भोंगे ऐकून उम्मीला राहवलं नाही. तिने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि जीभ हलवून, लग्नात बायका काढतात तो लांबलचक आनंदाचा किलकारा काढला. सत्त्याऐंशी वर्षांच्या फुप्फुसांतून असा आवाज निघेल असं लझहरला वाटलं नव्हतं. पुढच्या गाडीतून उत्तर आलं. मागून उत्तर आलं. रेल्वे फाटकाशी वरात थांबली तेव्हा एक धिप्पाड माणूस उतरला आणि लझहरच्या गाडीच्या आरशांना आणि पुढच्या झाकणाला त्याने गुलाबी फिती बांधून टाकल्या.

"अहो, आम्ही वरातीतले नाही!"

"नवरीच्या मावशीकडचे ना? ट्युनिशियाची पाटी बघितली. वाट बघत होतो तुमची!"

"आम्ही तिमगादला..."

"तिमगाद कुठे पळत नाही!" म्हणून त्याने बॉनेट थोपटलं आणि वरात सुटली.

वरात गावात गेली. खरी हकीकत कळल्यावर नवऱ्याच्या बापाला मनापासून वाईट वाटलं. त्यांना फसवून आणलं म्हणून नव्हे, तर ते जातो म्हणाले म्हणून. "मावशीकडचे असतात तर एक वेळ जाऊ दिलं असतं," तो म्हणाला. "ते घरचे. तुम्हाला कसं जाऊ देणार?" खेन्शलाच्या हॉटेलात लझहरने आगाऊ भरलेली खोली त्या रात्री रिकामी राहिली. लझहर पुरुषांच्या पंक्तीत बसला, घरची अंड्यांची शक्शुका समजून जिचा पहिला मोठा घास त्याने घेतला ती इथली शख्शूखा, रश्शात मोडलेली पोळी, निघाली, आणि इतकी तिखट की त्याला रडू आलं. शेजारच्या म्हाताऱ्याने समजुतीने पाठीवर हात ठेवला. पाठीवरचा हात निघाला तरी पाणी थांबेना, आणि त्यातलं तिखटाचं किती हे लझहरने स्वतःलाही विचारलं नाही. उम्मी बायकांत होती. सकाळी ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही तळव्यांवर बोटांच्या टोकांपर्यंत गडद मेंदी होती.

"उम्मी! हे काय?"

"लावत होत्या. नाही म्हणायचं?"

न्याहारीशिवाय सोडणार नाहीत हे लझहरने धरलंच होतं. जेवणाशिवायही सोडणार नाहीत हे धरलं नव्हतं. निघताना उरलेलं सगळं तेल गेलं आणि त्या जागी मिठाईचे चार डबे आले. खेन्शलाच्या पुढे टायर पंक्चर झालं. ते बदलताना लझहरला शादलीची आठवण आली आणि त्याने शादलीबद्दल दोन वाक्यं उच्चारली, ती इथे देण्यासारखी नाहीत.

तिमगादच्या फाटकापाशी ते पोचले तेव्हा पावणेपाच झाले होते. पाचला बंद. फाटकातला राखणदार कुलूप हातात घेऊन उभा होता. त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती: बूजुमा.

"तिकीट बंद, हाजी. उद्या सकाळी आठला."

"उद्या सकाळी मला केफमध्ये असायचंय."

"मग परवा या."

"परवा गाडी नसेल." लझहरचा आवाज चढला. "दोन महिने सह्या गोळा केल्यात मी! कॅनडातून! सीमेवर टाकीत काठ्या घातल्या. दोन दिवस खातोय मी, नुसता खातोय! पंधरा मिनिटं द्या फक्त."

"नियम म्हणजे नियम, हाजी."

हे लझहरचंच वाक्य होतं. चालही तीच होती, मानही तशीच किंचित तिरकी.

बूजुमाची नजर मात्र गाडीच्या आरशावर गेली. "अरे, फिती? लग्नाची गाडी आहे? फोटो काढायला आलात? मग तसं सांगायचं ना! लग्नाच्या गाडीला मी कधी अडवत नाही. नवरी कुठंय?"

लझहर खरं सांगायला तोंड उघडत होता, तेवढ्यात मागची काच खाली गेली आणि मेंदी लावलेला सुरकुतलेला हात बाहेर आला.

"मीच," उम्मी म्हणाली. "उघड दार."

बूजुमाने हाताकडे बघितलं. आत वाकून चेहऱ्याकडे बघितलं. मग लझहरकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"मुबारक हो," तो कसाबसा म्हणाला.

"ही माझी सासू आहे!" लझहर ओरडला.

बूजुमा कुलूप धरून हसत हसत खाली बसला. हसू आवरल्यावर त्याने फाटक उघडलं आणि आत हात दाखवला. "जा बाबांनो, जा. अर्धा तास घ्या. असलं लग्न मी आजवर बघितलं नाही."

रस्ता सरळ होता. दगडांत गाड्यांच्या चाकांचे चर पडलेले, आणि समोर ती कमान, उन्हात पिवळी पडलेली. नझीहाने वहीत तिचं चित्र काढलं होतं. बरंच चुकलं होतं.

लझहर भराभर पुढे गेला. उम्मीला रस्ता खडबडीत पडेल आणि आपल्याला पाच मिनिटं एकट्याने मिळतील, असा त्याचा हिशोब होता. तो कमानीखाली उभा राहिला, घसा साफ केला, आणि मागून स्टूल दगडावर आपटल्याचा आवाज आला. उम्मी बरोबर कमानीच्या मधोमध बसली होती.

"उम्मी, जरा तिकडे नाट्यगृहाशी बसता का? सावली आहे तिथे."

"इथे बरं आहे. वारा येतोय."

"उम्मी, मला जरा... मला एकटं बोलायचंय."

"बोल ना. मला ऐकू येत नाही."

सीमेवर खिडकीतून सगळं ऐकणारी ही बाई होती. लझहर चडफडला. सूर्य उतरत होता, बूजुमा लांबून किल्ल्या वाजवत होता, घर अडीचशे किलोमीटरवर होतं. दोन महिन्यांचे शिक्के एकीकडे आणि ही बाई तिच्या स्टुलासकट दुसरीकडे. मग त्याने कमानीकडे तोंड केलं आणि बोलून टाकलं, जरा रागानेच.

"नझीहा, तुझंच खरं. आपल्याकडे असे दगड नाहीत."

वाक्य संपलं. घरी पाठ करताना ते याहून लांब वाटलं होतं.

"आहेत की," उम्मी म्हणाली. "दुग्गाला. ती सांगायची."

"उम्मी!"

"मी बघितले नाहीत ते. दहा वर्षांची होती तेव्हा मागे लागली होती, मला दुग्गा दाखव म्हणून. जत्रेची गाडी जात होती. जैतून उतरवायचे दिवस. मी म्हटलं, आपल्या शेतात काय दगड कमी आहेत?"

लझहर तिच्याकडे वळला.

"पुढे दर वर्षी विचारायची. मी दर वर्षी तेच सांगायचे." उम्मी मेंदीचे हात मांडीवर उलटे करून बघत होती. "लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली ना, तेव्हा हसत सुटली. म्हणाली, उम्मी, मला घर सोडल्यासारखं वाटतच नाही. तो पण अगदी तेच म्हणतो."

लझहरला बसायला काही दिसेना. तो कमानीच्या पायाच्या दगडावर टेकला.

"हे तुम्ही चाळीस वर्षांत सांगितलं नाहीत."

"तू विचारलं होतंस? तू हवेचं विचारायचास."

लांबून बूजुमाने पुन्हा किल्ल्या वाजवल्या. मग उम्मीने हात पुढे केला, लझहरने तिला उठवलं आणि ती चरांतून पाय वाचवत चालायला लागली. वाटेत तिने विचारलं, "वहीत पुढच्या पानावर काय आहे? त्या चौकीवाल्याने तिथवर वाचलंच नाही, वही मिटली."

"जमीला. इथून आणखी पुढे आहे. डोंगरातलं गाव, रोमन लोकांचं."

"हं," उम्मी म्हणाली. फाटकाशी तिने मिठाईचा एक डबा बूजुमाच्या हातात ठेवला. लग्नाचा म्हणून.

सोमवारी नऊच्या ठोक्याला औषधवाला नगरपालिकेच्या खिडकीशी हजर होता. मुलांचे कागद आले होते. लझहरने डोळ्याखालच्या काळ्या वर्तुळांसकट सही केली. रस्त्यातून येताना शादलीने "टायर?" म्हणून हाक मारली होती, तेव्हा त्याने गाडीचा वेग वाढवला होता. उम्मीला स्टुलावर बसवून पुढे सरकवलं. हनानने शाईचा डबा उघडला आणि उम्मीचा अंगठा हातात घेतला. घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"साहेब," ती दबक्या आवाजात म्हणाली, "मेंदी आहे."

"मग?" औषधवाला म्हणाला.

हनानने खिडकीच्या आत चिकटवलेल्या, कडा पिवळ्या झालेल्या कागदाकडे बोट दाखवलं. अक्षर लझहरचं होतं.

"किती दिवसांत उतरेल ही?" औषधवाल्याने विचारलं.

"तीन आठवडे," उम्मी म्हणाली. "नंतर पुन्हा लावता येते."

औषधवाल्याने लझहरकडे बघितलं. "साहेब, तुम्ही काही सांगा ना हिला. तुमचीच शिकवलेली आहे ती. एक बोट तर आहे!"

लझहरने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. एकतीस वर्षांत हे वाक्य त्याने हजारो वेळा म्हटलं असेल, पण इतकं जीव ओतून एकदाही नाही.

"नियम म्हणजे नियम," तो म्हणाला.

बाहेर उम्मीला गाडीत बसवताना तिने आपलं स्टूल मागच्या सीटवर टाकलं आणि स्वतः पुढे बसली. आरशांना फिती अजून तशाच होत्या.

"शनिवारी जमीला," ती म्हणाली. "पहाटे साडेपाचला निघायचं."

म्हणजे सहा. लझहरला ते कळलं. घरी जाता जाता कोपऱ्यावर थांबून त्याने संत्री घेतली.